मस्टर आणि हजेरीपट



आपला हा मुलूख इतिहासाच्या बाबतीत श्रीमंत आहे. शिवनेरीचे नाव घेतले की पुढे काही सांगावे लागत नाही. परंतु मी सारा जन्म कामगारांच्या संघटनेत घालविलेला माणूस. माझी नजर गडावरून खाली उतरते आणि जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांपाशी थबकते. त्या लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. श्रेणी म्हणजे त्या काळची एका धंद्यातील लोकांची संघटना. तिकडे नाणेघाटात यज्ञातील दक्षिणेचे आकडे दगडात खोदलेले आहेत, आणि आपल्या देशातील अंकांच्या फार जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. अक्षर आणि हिशेब या भूमीत सुमारे दोन हजार वर्षे नांदत आहेत. पण त्याच घाटाने पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाच्या पोराला ते आकडे वाचता येत होते काय, याचे उत्तर कोणत्याही शिलालेखात मिळत नाही. आजचा माझा विषय तो प्रश्नच आहे. घरची मिळकत, मुलाची शाळेतील हजेरी आणि त्याची विद्येतील प्रगती या तिन्हींचा परस्परांशी संबंध काय, आणि आपल्या जुन्नर-आंबेगावात तो कसकसा घडत आला, एवढेच मला मांडावयाचे आहे.

मी पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या खोल्यांवर झाले. त्यामुळे शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत मला बोलता येणार नाही. मला दोन वह्या मात्र चांगल्या वाचता येतात. एक मस्टर, म्हणजे कामावरच्या हजेरीची वही. दुसरा शाळेचा हजेरीपट. या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. आपल्या डोंगरपट्ट्यात ज्या दिवसांत मस्टर भरलेले असते, त्याच दिवसांत हजेरीपटावर खाडे पडलेले दिसतात. या दोन वह्यांचा हा व्यस्त संबंध हेच आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

प्रथम मिळकत या शब्दाविषयी. शहरातला नोकरदार मिळकत महिन्यावर मोजतो. रोजंदारीवरचा माणूस ती दिवसावर मोजतो. त्याच्या घरात वर्षाचे उत्पन्न किती, या प्रश्नापेक्षा ते कोणत्या दिवसांत येते आणि ते मिळविण्यासाठी घरातली किती माणसे घराबाहेर पडावी लागतात, हा प्रश्न मोठा असतो. आपल्या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीला टेकलेला आहे. तेथे मुख्य वस्ती महादेव कोळ्यांची. भाताची खाचरे, उतारावर नाचणी आणि वरई, रानात हिरडा. पाऊस भरमसाट, पण जमीन थोडी. पूर्वेकडे पाऊस कमी. तरी कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे पाटाचे पाणी, कांदा, ऊस, द्राक्षे, टोमॅटो, आणि सातगाव पठारावर बटाटा. जेथे पाऊस पडतो तेथे पैसा नाही, आणि जेथे पैसा आहे तेथे मजूर हवा आहे. म्हणून भाताची कापणी उरकली की पश्चिमेची माणसे पूर्वेकडे उतरतात. नारायणगावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. बागाईतदार येतो, माणसे मोजतो, दर ठरतो आणि गाडी भरून निघून जाते.

आता या वर्षक्रमावर शाळेचे वर्ष ठेवून पाहा. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते. पहिलीच्या वर्गात मुळाक्षरांचा आरंभ आषाढात होतो. डोंगरात तेव्हाच आवणी सुरू असते. आई-बाप चिखलात उभे, ओढ्यांना पाणी, आणि घरातले तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दिवाळीनंतर बिऱ्हाड मजुरीला खाली उतरते. कोणी मुलांना आजीपाशी ठेवतात, कोणी बरोबर नेतात. उन्हाळ्याच्या तोंडी बाळहिरड्याचा हंगाम येतो, आणि त्यात लहान हातही उपयोगी पडतात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस ठरलेले आहेत. समजा, एखाद्या मुलीचे आवणीत २० दिवस बुडाले आणि मजुरीच्या हंगामात ५०. उरले १३०. चौथीपर्यंत दर वर्षी असेच घडले तर २८० दिवस जातात. ती चौथीत बसलेली दिसते, पण प्रत्यक्षात शाळेत ती तीन वर्षेही गेलेली नसते. पुढे कोणी तिला वाचावयास सांगतो, ती अडखळते, आणि तिच्या कपाळावर ‘ढ’ असा शिक्का बसतो. २८० दिवसांचा हिशेब कोणी मागत नाही.

हा प्रश्न आजचा नव्हे. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात सारावसुलीबरोबर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसविण्यात आली, आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. म्हणजे शाळेचा खर्च शेतकरी देऊ लागला. त्याच्या पोराला शाळा मिळाली काय? १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन सादर केले, त्यात याचा हिशेब आहे. इलाख्यातील नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच तजवीज नाही, असे त्यांनी दाखवून दिले. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. मला त्याहूनही महत्त्वाचे वाटते ते त्यांचे पुढचे निरीक्षण. शेतकऱ्याची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात आणि शेताची राखण करतात. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, मुलांना शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, असे जोतीरावांनी सुचविले. मुलाच्या दिवसाला घरात मोल आहे आणि ते मोल कोणीतरी भरून दिले पाहिजे, हा विचार त्यात स्पष्ट आहे. ओतूर-जुन्नरच्या परिसरात सत्यशोधक समाजाचे काम का रुजले, याचे एक कारण असल्या रोखठोक हिशेबात सापडेल.

याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दुसरी वही लिहिली जात होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास काम करण्याची मुभा राहिली. १८९१ च्या कायद्याने ही वयोमर्यादा नऊ वर्षांवर नेली आणि मुलांचे तास सातांवर आणले. मधल्या काळात सत्यशोधक विचाराचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, आणि १८९० मध्ये आठवड्याची सुटी पदरात पाडून घेतली. एकाच विचाराची दोन माणसे, एक मुलासाठी शाळा मागत होता आणि दुसरा मुलाच्या बापासाठी विश्रांती. माझ्या मते ही एकाच मागणीची दोन अंगे होती. बापाची मजुरी पुरेशी असेल तरच मुलाला मस्टरवरून काढून हजेरीपटावर घालता येते.

त्यानंतर गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी १६ मार्च १९११ रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना टप्प्याटप्प्याने सक्ती करावी, आणि ज्या पालकाची मिळकत दरमहा दहा रुपयांच्या आत असेल त्याला फी माफ असावी, असे त्यात होते. घरची मिळकत आणि मुलाची शाळा यांची सांगड घालण्याचा इतका स्पष्ट प्रयत्न त्यापूर्वी कायद्याच्या भाषेत क्वचितच झाला असेल. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले; मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला, तो नगरपालिकांपुरता होता; १९२३ च्या कायद्याने खेड्यांकडे लक्ष वळले, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीची सवलत मिळाली, आणि त्या ‘ई.बी.सी.’ने बहुजन समाजातील एक पिढी हायस्कूल-कॉलेजात पोचली. या साऱ्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झाले, ही समजूत मात्र खरी नाही. गरिबाच्या घरी शाळेची खरी किंमत फीच्या पावतीवर नसते. एक साधे गणित करू. महाराष्ट्र शासनाने १९९२ पासून अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांतील दारिद्र्यरेषेखालील मुलींसाठी पहिली ते चौथीच्या वर्गांत उपस्थिती भत्ता सुरू केला. दर दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये, आणि अट पाऊणपट हजेरीची. हेतू चांगला होता, आणि जोतीरावांच्या सूचनेशी त्याचे नाते उघड आहे. पण पुढे तीस वर्षे रुपया हा रुपयाच राहिला. आता दुसऱ्या बाजूचा आकडा घ्या. मोठी मुलगी घरी राहून तान्ह्याला सांभाळते, म्हणून आई कामावर जाऊ शकते. आईची रोजी आपण तीनशे रुपये धरू. मुलीने शाळेत जावे तर घराचे तीनशे जातात आणि एक रुपया येतो. असा व्यवहार मी कोणत्याही वाटाघाटीत मान्य केला नसता, आणि ती आईही करीत नाही. तिला शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा पाटीवर मांडून पाहावे.

एका बागाईतदाराने मला एकदा विचारले होते, ‘सगळी पोरे शिकली तर कांदा कोण काढील?’ मी त्यांना म्हणालो, ‘काढणारा मिळेल, पण आजच्या दरात मिळणार नाही.’ ते हसले. माझे उत्तर त्यांना नेमके कळले होते. मजुराच्या मुलाची शाळा आणि मजुरीचा दर यांचा संबंध मालकाला चटकन समजतो, मग आपल्याला का समजू नये?

आता या साखळीचा तिसरा दुवा, प्रगती. खाडे पडले म्हणजे लहान मुलाचे नुकसान मोठ्यापेक्षा अधिक का होते? कारण आरंभीच्या वर्गातील विद्या भिंतीसारखी थरावर थर चढत जाते. मुळाक्षरे कळली नाहीत तर बाराखडी बसत नाही, बाराखडीवाचून शब्द नाही, शब्दावाचून वाक्य नाही. दशकाचे घर समजले नाही तर हातच्याची बेरीज आयुष्यभर चुकते. सातवीतला मुलगा इतिहासाचा एक धडा चुकला तर पुढचा धडा वाचू शकतो. पहिलीतला मुलगा महिनाभर गैरहजर राहिला तर परत आल्यावर वर्ग कोणत्या भाषेत बोलतो आहे, हेच त्याला कळत नाही. त्याला वर्गात बसण्याचा कंटाळा येतो, आणि मग घरचे काम नसतानाही तो शाळा चुकवितो. अशा रीतीने दारिद्र्यामुळे पडलेला खाडा पुढे स्वतःच नव्या खाड्याचे कारण होतो.

सुखवस्तू घरातील मूलही आजारी पडते, लग्नकार्याला जाते, खाडे करते. परंतु तेथे आई रात्री वही उघडते, घरात वर्तमानपत्र असते, शिकवणी असते. बुडालेला दिवस घर भरून काढते. मजुराच्या घरी तो भरून काढणारे कोणी नसते. त्याच्या मुलाला अक्षर भेटते ते फक्त शाळेतच. म्हणून एकाच दिवसाच्या खाड्याची किंमत दोन घरांत निरनिराळी असते. १९२९ च्या हार्टोग समितीने या प्रकाराचा आकडाच दिला होता. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी तीन वर्षांनी चौथीत फक्त १८ उरली. बाकीची गळाली किंवा खालच्या वर्गातच रुतून बसली. गळती आणि कुंठितता हे शब्द तेव्हापासून शिक्षणाच्या चर्चेत रूढ झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली, आणि गाडगीळ व वि. म. दांडेकर यांचा तो वृत्तांत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. सहकाराने शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला, त्या पैशातून गावोगाव हायस्कुले निघाली. पण तोच ऊस तोडावयास बीड-नगरकडून येणारे कोयते दिवाळीनंतर उसाच्या पट्ट्यात कोप्या घालतात, मुकादमाची उचल फेडीत पाच-सहा महिने राहतात, आणि त्यांची मुले फडात असतात. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांचा उपयोगही झाला. तरीही एका घराची शाळा दुसऱ्या घराच्या खाड्यावर उभी राहते, हे चित्र पुरते पुसले गेलेले नाही.

या बाबतीत जगातल्या अभ्यासकांनी काय म्हटले आहे, तेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांचा प्रचंड अहवाल आला. मुलांच्या यशातील फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीने अधिक ठरतो, असा त्याचा सूर होता. तो ऐकून अनेकांनी हात झटकले: शाळा काय करणार, सारे घरावर! परंतु १९८३ मध्ये हेनेमन आणि लॉक्सली यांनी अनेक देशांतील आकडे एकत्र मांडून दाखविले की, देश जितका गरीब, तितका मुलाच्या यशात शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा मोठा. आपल्या अनुभवाशी हे जुळते. घरात जे नाही ते शाळेतच मिळावयाचे असते. तेव्हा गरिबीची सबब सांगून शाळेला सूट देता येत नाही, आणि शाळेकडे बोट दाखवून मजुरीच्या प्रश्नाला बगल देता येत नाही.

परंतु येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. हजेरी म्हणजे विद्या नव्हे. मेक्सिको देशाने १९९७ मध्ये गरीब मातांना मुलांच्या हजेरीच्या अटीवर रोख रक्कम देण्याची मोठी योजना काढली. मुले शाळेत येऊ लागली, अधिक वर्षे टिकली. पण परीक्षेच्या कसोटीवर त्यांची प्रगती त्या मानाने फारशी वाढलेली दिसली नाही. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ पासून पोषण आहाराची योजना आली. आरंभी ८० टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न शाळेत मिळू लागले. उपाशी पोटी शिकता येत नाही, म्हणून या अन्नाचे महत्त्व कोणी कमी लेखू नये. पट भरला. पण ‘असर’च्या पाहणीप्रमाणे २०१८ मध्ये देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २७.३ टक्के होती; करोनाच्या बंदीनंतर २०२२ मध्ये ती २०.५ वर आली; २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर पोचली. या आकड्यांत दोन धडे आहेत. शाळा बंद राहिली की मुले मागे पडतात, आणि शाळा उघडली की पुन्हा सावरतात, हा पहिला. शाळा चालू असतानाही चारांपैकी जेमतेम एकाला नीट वाचता येते, हा दुसरा. मस्टरवर सही करून झाडाखाली बसलेल्या माणसाचे काम जसे पुढे सरकत नाही, तसेच हजेरी लागूनही ज्या वर्गात शिकविणे होत नाही त्या वर्गातले मूल पुढे सरकत नाही.

करोनाच्या काळात दुसरी एक गोष्ट उघडी पडली. शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर आले. ज्याच्या घरी फोन त्याची शाळा चालू. आहुप्याच्या बाजूला किंवा आंबे-हातवीजच्या डोंगरात फोन असला तरी त्याला आवाज मिळावयास टेकडीवर चढावे लागे. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांत पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण निष्कर्ष आपल्यालाही लागू पडावा असा आहे. दुसरी ते सहावीच्या ९२ टक्के मुलांनी भाषेतील आणि ८२ टक्के मुलांनी गणितातील, आधी येत असलेले निदान एक कौशल्य गमावले होते. जी खाड्यांची शिक्षा मजुराचे मूल दर हंगामात भोगते, ती त्या वर्षी साऱ्या देशाला भोगावी लागली. तेव्हा सर्वांनी ओरड केली. मजुराच्या मुलासाठी ती ओरड दर वर्षी व्हावयास हवी होती.

मग मार्ग काय? तो आपल्याच मराठी माणसांनी पूर्वी दाखविला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे जाईल, हे त्यांचे सूत्र. अंगणात भरते ती अंगणवाडी. गुरे चरतात तेथे भरते ती कुरणशाळा. मुलाचे काम आणि मुलाची शाळा यांचा झगडा त्यांनी ओळखला, आणि त्यासाठी शाळेची वेळ व जागा बदलली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने बालविकास सेवा योजना काढली, आणि अंगणवाडी हा मराठी शब्द साऱ्या देशाने घेतला. अमेरिकेत मिशिगन राज्यातील एका गावी १९६२ मध्ये १२३ गरीब निग्रो मुलांवर प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्यांना शाळेपूर्वी उत्तम बालवाडी मिळाली. चाळिशीपर्यंत त्यांचा माग काढला, तेव्हा बालवाडीतून गेलेल्यांचे शिक्षण आणि कमाई दोन्ही अधिक दिसली. लहान वयात लावलेला हात एवढा दूरवर पोचतो. आणि आमच्या अंगणवाडी सेविकेला आपण काय देतो? मानधन. तिला वेतन म्हणावयास आपण तयार नाही. तिला ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क आहे, हेही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

आपल्या तालुक्यांपुरते बोलावयाचे तर चार गोष्टी माझ्या डोळ्यांपुढे आहेत. पहिली, गावातच काम. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीने लाखो घरे तगविली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आपल्याच डोंगरात खाचरे बांधण्याचे, पडकईचे काम मिळाले, तर दिवाळीनंतर बिऱ्हाड हलत नाही, आणि जे बिऱ्हाड हलत नाही त्याचे मूल शाळेत राहते. दुसरी, पाळणाघर. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालील पाच मुले कामावर आली तर एका बाईला त्यांना सांभाळण्याचे काम व मजुरी देण्याची तरतूद करण्यात आली. खाजगी शेतावरच्या मजुराला असे काहीच नाही. नारायणगावच्या मजूर बाजाराजवळ, मंचरच्या बाजारपेठेजवळ गावकऱ्यांनी एखादी खोली आणि दोन बाया एवढी सोय केली, तरी कितीतरी मोठ्या बहिणी कडेवरचे ओझे उतरवून वर्गात बसतील.

तिसरी गोष्ट, परतलेल्या मुलाचा वर्ग. हंगामाहून आलेल्या मुलाला बुडालेल्या धड्यापासून पुन्हा शिकविणारा महिना-दीड महिन्याचा वर्ग प्रत्येक शाळेत असावा. निवृत्त शिक्षक आपल्या गावांत पुष्कळ आहेत. चौथी, जवळची शाळा. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोडून समूहशाळा करण्याची योजना पुढे आली. अशा शाळा राज्यात चौदा-पंधरा हजारांच्या घरात निघाल्या. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, साधने अधिक, हे म्हणणे खोटे नाही. पण डिंभे धरणाच्या पाण्याने ज्या खोऱ्यात खुद्द आंबेगाव गाव बुडाले आणि वाड्या विखुरल्या, तेथे सहा वर्षांचे मूल आषाढातल्या पावसात ओढे ओलांडून किती दिवस जाईल? गाडी एक दिवस आली नाही की साऱ्या वाडीचा खाडा. शाळा लांब नेणे म्हणजे आधीच महाग असलेली हजेरी आणखी महाग करणे होय. पट कमी आहे म्हणून शाळा बंद करण्याआधी, पट कमी का झाला हे मस्टर उघडून पाहावे.

शेवटी एक गोष्ट. मुंबईचे डबेवाले पुष्कळसे आपल्याच खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळच्या भागातले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेला तो धंदा. फारसे न शिकलेल्या माणसांनी डब्यांवर रंग, अक्षर आणि आकडे यांच्या खुणा घालून अशी पद्धत बसविली की, दूरदूरचे विद्वान ती पाहावयास येतात. आम्ही अभिमानाने ते सांगतो. मी त्याचा अर्थ थोडा निराळा लावतो. गरिबाच्या मुलाची बुद्धी कमी पडते, हे म्हणणे या माणसांनी केव्हाच खोटे ठरविले आहे. कमी पडले ते शाळेचे दिवस. आणि ते दिवस घरच्या मजुरीत खर्ची पडले. खर्ची पडलेले दिवस परत आणता येत नाहीत. पुढच्या जूनमध्ये जी मुले पहिलीत येतील, त्यांचे दिवस मात्र अजून शिल्लक आहेत. त्यांच्या आईची मजुरी, त्यांच्या धाकट्या भावंडाचा पाळणा आणि त्यांच्या वाडीची शाळा या तीन गोष्टी आपण गावकरी, मालक आणि मजूर मिळून सांभाळू शकलो, तर हजेरीपट आपोआप भरेल, आणि भरलेल्या वर्गात शिकविण्याचा जाब मग शिक्षकाला विचारण्याचा अधिकारही आपल्याला राहील.